पिस्तुलाची निविदा

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या प्रकरणाबद्दल वाचताना एक शब्द पुनःपुन्हा भेटतो: ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर धाडलेली वीस पिस्तुले ब्राउनिंग होती. त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, त्या कोल्टमधून. ते कोल्ट त्यांनी लंडनमधल्याच गॅमेजेस या बड्या दुकानातून रीतसर विकत घेतले होते. चंद्रशेखर आझाद यांच्या हातात २७ फेब्रुवारी १९३१ ला शेवटपर्यंत होते तेही कोल्टच. आज ते अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. आणि ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते पिस्तूल बेरेटा होते. त्याचे हे मॉडेल इटलीच्या सैन्यासाठी तयार झालेले. मारेकऱ्याच्या हाती ते ग्वाल्हेरमध्ये आले.

ब्राउनिंग, कोल्ट, बेरेटा. आपल्या इतिहासात ही नावे अशी आली आणि तिथेच राहिली. यातली गंमत अशी की १९०९ सालची कोल्ट आणि ब्राउनिंग ही स्वयंभरण पिस्तुले एकाच डोक्यातून निघाली होती. अमेरिकेतल्या युटा प्रांतातला जॉन मोझेस ब्राउनिंग हा बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्याने आपली पिस्तुले अमेरिकेच्या बाजारासाठी कोल्ट कंपनीला दिली आणि युरोपसाठी बेल्जियममध्ये लीएजजवळच्या एर्स्ताल गावातल्या एफएन या कारखान्याला. एफएनने स्वतःच्या नावाऐवजी त्याचे नाव लावले आणि ते इतके चालले की फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले. आपल्याकडे वनस्पती तुपाचे ‘डालडा’ झाले, तसेच. दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी ठेवलेले कोल्ट आणि ब्राउनिंग एकमेकांचे प्रतिस्पर्धी दिसत. कल्पक मात्र दोघांचाही एकच.

मी आयुष्यात कधी पिस्तूल चालवलेले नाही. मात्र एका कारखान्याच्या खरेदी विभागात बावीस वर्षे काढली. तीन कोटेशने मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराला ‘एल-वन’ म्हणायचे आणि साहेबांची सही घ्यायची, हे माझे काम. इंग्रजी शिकलो ते यंत्रांच्या मॅन्युअलांतून आणि निविदांच्या अटींतून. त्यामुळे शस्त्रांच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा लढायांपेक्षा मला खरेदीचे कागद जास्त ओळखीचे वाटले. जगातल्या सैन्यांनी आणि पोलिसांनी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतून पिस्तूल कसे निवडले, याचे कागद गेली काही वर्षे वाचतो आहे. ते वाचून माझे मत असे झाले आहे की ‘सर्वांत चांगले पिस्तूल कोणते’ याचे उत्तर चाचणीच्या मैदानावर पहिली गोळी सुटण्याच्या बऱ्याच आधी, अटी लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठरते. अटी कुणी आणि कशाच्या धास्तीने लिहिल्या, हे पाहिले की निकालाचा अंदाज येतो.

आधी यंत्राबद्दल थोडे. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा काडतुसांचे फिरते चाक असते. आपण चाप ओढतो तेव्हा आपल्याच बोटाच्या जोरावर ते फिरते. स्वयंभरण पिस्तुलात हे काम गोळीच करते. दारू पेटली की गोळी पुढे जाते आणि तितकाच धक्का मागे बसतो. त्या धक्क्याने वरची पोलादी स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मुठीतल्या मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीत ढकलते. दर गोळीला चाप पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ते मशिनगनसारखे पूर्ण स्वयंचलित नाही. आपण सर्रास ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, इतकेच. लहान काडतूस असेल तर स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते. मोठ्या काडतुसाला ते पुरत नाही; गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात, मग सोडवावी लागतात. हे अडकवणे-सोडवणे निमिषार्धात, हजारो वेळा, धूळ-चिखलात न चुकता कसे करायचे, यावर सगळ्या कंपन्यांची बुद्धी खर्च झाली. ब्राउनिंगने नळी मागच्या बाजूने किंचित खाली झुकवण्याची युक्ती काढली. आजचे ग्लॉक आणि सिग थोड्या फरकाने तीच वापरतात. बेरेटाने जर्मन वाल्थरच्या वळणाचा वेगळा अडसर घेतला.

आता पहिली मोठी निवड. फिलिपिन्स जिंकायला गेलेल्या अमेरिकी सैन्याची दक्षिणेकडच्या बेटांवर मोरो लढवय्यांशी गाठ पडली. सैनिकांकडे .३८ व्यासाची रिव्हॉल्व्हरे होती. गोळ्या लागूनही माणूस अंगावर चालून येतो, अशा तक्रारी वरपर्यंत गेल्या, कोठारातली जुनी.४५ ची रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढून वाटावी लागली. स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या घरासाठी लढणारा माणूस एका गोळीने का थांबत नाही, याचे उत्तर सैन्याने गोळीच्या व्यासात शोधले, हे मला नोंदवावेसे वाटते. १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन हा शस्त्रखात्याचा अधिकारी आणि लुई लागार्ड हा लष्करी डॉक्टर या दोघांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि शिवाय मानवी मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. जनावर किती गोळ्यांत पडते, हे मोजले. ते वर्णन वाचवत नाही. वाचले तरी त्यातून एकसारखा निष्कर्ष निघत नाही. एकाच जातीची गोळी एका जनावराला लगेच पाडते, दुसऱ्याला नाही. तरी अहवालाने ठामपणे सांगितले: व्यास .४५ पेक्षा कमी नको. अटींच्या कागदावरची पहिली ओळ अशी लिहिली गेली.

या एका ओळीने युरोपातले जवळजवळ सगळे स्पर्धक अडचणीत आले, कारण त्यांची पिस्तुले लहान व्यासाची. जानेवारी १९०७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत चाचण्या सुरू झाल्या. कोल्ट, सॅव्हेज, जर्मनीचे लुगर, बर्गमान आणि आणखी काही. लुगर हे त्या काळचे सर्वांत देखणे पिस्तूल. कोपरासारखी दुमडणारी त्याची घडी बघत राहावी अशी. जर्मन कारखान्याने केवळ या चाचणीसाठी .४५ व्यासाची मोजकी लुगरे बनवली. निकाल लागला तेव्हा कोल्ट आणि सॅव्हेज पुढे होते, पण लुगरही बाद नव्हते. घोडदळाकडून प्रत्यक्ष वापरून पाहण्यासाठी प्रत्येकी दोनशे नग मागवायचे ठरले. इथे जर्मनांनी अंग काढून घेतले. त्यांच्या निर्णयाचा हिशेब मला परका वाटत नाही. दोनशे नगांसाठी वेगळ्या मापाचे सगळे जिग, फिक्श्चर, गेज बनवायचे आणि पुढची ऑर्डर मिळेलच याची खात्री नाही. लहान वर्कशॉपवाले नेमक्या याच कारणासाठी ‘ट्रायल ऑर्डर नको’ म्हणतात, हे मी अनेकदा ऐकले आहे. शिवाय १९०८ मध्ये खुद्द जर्मन सैन्याने लुगर स्वीकारले. घरची ऑर्डर हातात असताना परक्याच्या दारात कोण उभे राहील? एक मातबर स्पर्धक पिस्तुलाच्या दोषामुळे नव्हे, ऑर्डरच्या आकारामुळे गेला.

उरले कोल्ट आणि सॅव्हेज. घोडदळाचे म्हणणे होते की एक हात लगामाला असतो, तेव्हा सगळे दुसऱ्या हाताने जमले पाहिजे. घोडा बुजला, आणि भरलेले, घोडा चढवलेले पिस्तूल हातात असले तर ते एका अंगठ्याने निर्धोक करता आले पाहिजे. (मराठीत पिस्तुलालाही घोडाच असतो, त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझी जरा तारांबळ झाली.) कोल्टच्या १९१० च्या नमुन्यात अंगठ्याने चालणारी ती कळ नव्हती, घोडदळासाठी ब्राउनिंगने ती बसवली. आज मोटारीत बसणारे लोक त्या पिस्तुलाच्या प्रती कमरेला लावतात, तेव्हा बुजलेल्या घोड्यासाठी केलेली ती कळ त्यांच्या अंगठ्याखाली असते.

मार्च १९११ मध्ये शेवटची चाचणी झाली. दोन्ही पिस्तुलांतून सहा हजार गोळ्या. दर शंभर गोळ्यांनंतर थोडी उसंत, दर हजार गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेल. मग चेपलेली काडतुसे, आम्लात गंजवणे, वाळू, चिखल. सॅव्हेज सदतीस वेळा अडखळले. कोल्ट एकदाही नाही. ब्राउनिंग स्वतः तिथे हजर होता. २९ मार्च १९११ ला कोल्ट स्वीकारले गेले आणि पुढे सत्तरहून जास्त वर्षे ते अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. ही निवड मला प्रामाणिक वाटते. अट चुकीच्या तर्कातून आली असेल, पण एकदा लिहिल्यावर सगळ्यांना एकाच मापाने मोजले गेले आणि सदतीस विरुद्ध शून्य यात वाद घालायला जागा उरली नाही. असा स्वच्छ निकाल पुढे मला क्वचितच सापडला.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रियाची. १९८० च्या सुमारास तिथल्या सैन्याला जुनी वाल्थर पिस्तुले बदलायची होती. श्टायर ही त्यांची घरची, नामांकित शस्त्रकंपनी; काम तिलाच मिळणार असे सगळे धरून होते. हेकलर-कोख, सिग, बेरेटा, एफएन हे बाहेरचे दादा होतेच. आणि व्हिएन्नाजवळ डॉइच-वाग्राम इथला गास्टन ग्लॉक नावाचा पन्नाशीतला एक कारखानदार होता, जो पडद्यांच्या दांड्या बनवायचा आणि सैन्याला सुरे, कुदळी-फावडी पुरवायचा. त्याने तोवर एकही बंदूक बनवली नव्हती.

सैन्याने सतरा अटी लिहिल्या. मी खरेदीतला माणूस म्हणून सांगतो, या अटी लिहिणाऱ्याला मी मनातून नमस्कार केला. पिस्तूल कसे असावे याबद्दल त्यांत फारसे नाही. त्याने काय करावे याबद्दल आहे. पहिल्या दहा हजार गोळ्यांत वीसपेक्षा जास्त वेळा अडकता कामा नये. दोन मीटरवरून पोलादी पत्र्यावर पडले तर गोळी सुटता कामा नये. अवजाराशिवाय खोलता-जोडता आले पाहिजे. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला घासकाम न करता बसला पाहिजे. आणि एकूण भाग अठ्ठावन्नपेक्षा जास्त नकोत.

ही शेवटची अट साधी दिसते, पण सगळा खेळ तिथेच फिरला. जुन्या कंपन्यांकडे जुने साचे, जुनी यंत्रे, जुने अभिमान होते. एखादा भाग कमी करायचा तर अख्खी उत्पादनाची साखळी बदलावी लागे. ग्लॉककडे बदलण्यासारखे काही नव्हतेच. त्याने बाजारातली पिस्तुले विकत घेऊन खोलून पाहिली, जाणकारांना बोलावून ‘तुम्हाला काय हवे’ हे विचारले आणि प्लास्टिकच्या सांगाड्यात पोलादी पट्ट्या बसवून सुमारे चौतीस भागांचे पिस्तूल उभे केले. स्वतंत्र सुरक्षा-कळ नाही. चापातच दुसरा छोटा चाप, बोट नीट ठेवल्याशिवाय तो सुटत नाही. पहिले नमुने तो स्वतः तळघरात डाव्या हाताने झाडून बघायचा, म्हणजे फुटले तर नकाशे काढायला उजवा हात शाबूत राहील, असे सांगतात. १९८२ मध्ये त्याचे पिस्तूल पहिले आले आणि सैन्याने पंचवीस हजार नगांची मागणी नोंदवली. ‘ग्लॉक १७’ मधला सतरा हा आकडा त्याच्या सतराव्या पेटंटचा. मॅगझीनमध्येही सतराच गोळ्या मावतात, हा योगायोग.

‘पंचवीस वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी ओळ सैन्याने त्या अटींत घातली असती, जशी आपल्याकडच्या निविदांत हटकून असते, तर ग्लॉकचे पाकीट उघडलेही गेले नसते.

तिसरी गोष्ट पुन्हा अमेरिकेची आणि ती मला सर्वांत ओळखीची वाटते, कारण तीत ऑडिट आहे. १९८० पर्यंत अमेरिकेची .४५ कोल्ट झिजली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी घेतलीच नव्हती. नाटोतल्या मित्रराष्ट्रांनी ९ मिलिमीटरचे काडतूस धरले होते. हवाई दलाने चाचण्या घेऊन बेरेटा पसंत केले, तर भूदलाने चाचण्यांच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. मग १९८४ मध्ये नव्याने स्पर्धा. आठ कंपन्या आल्या. तांत्रिक कसोट्या पार करून दोनच उरल्या: बेरेटा आणि सिग. आता पाकिटे उघडली. एका नगाचा दर सिगचा किंचित कमी. पण मॅगझीन आणि सुटे भाग धरून एकूण बोली बेरेटाची कमी. एल-वन बेरेटा. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही खरेदी अधिकाऱ्याने हेच केले असते. सुट्या भागांच्या यादीत हात सैल सोडणारा पुरवठादार मुख्य वस्तू स्वस्त देऊनही हरतो, हे नव्या माणसाला पहिल्या वर्षी शिकवतात. जानेवारी १९८५ मध्ये तीन लाखांहून जास्त पिस्तुलांचा करार झाला. बेरेटाने ती मेरीलँडमधल्या आपल्या कारखान्यात बनवली.

हरलेल्यांत स्मिथ अँड वेसन ही जुनी अमेरिकी कंपनी होती. ती कोर्टात गेली. तिच्या बाजूचे लोकप्रतिनिधी खवळले. संसदेच्या लेखापरीक्षकांनी सगळी प्रक्रिया तपासली आणि एक मासलेवाईक गोष्ट बाहेर आली. काडतुसाच्या बुडावर ठोका मारणाऱ्या पिनेची ऊर्जा किती हवी, हा आकडा एका मापपद्धतीतून दुसरीत नेताना सैन्याने गोळाबेरीज केली होती आणि त्या गोळाबेरजेने स्मिथ अँड वेसनला नापास केले होते. म्हणजे पिस्तूल नापास झाले ते दशांशचिन्हानंतर. ज्याने इंचातले ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये उतरवून जॉब बाद करून घेतला आहे, अशा प्रत्येकाला हे कळेल. टिकाऊपणाच्या कसोटीतही ती कंपनी मागे पडली होती, हेही त्याच कागदांत आहे. पण पहिला घोळ निघाल्यावर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? पुन्हा स्पर्धा घ्यावी लागली. १९८९ मध्ये पुन्हा बेरेटाच जिंकले.

मधल्या काळात वेगळेच घडले. भरपूर गोळ्या झाडलेल्या काही बेरेटांच्या स्लाइड तुटून मागे उडाल्या आणि नौदलाच्या कमांडोंच्या तोंडाला इजा झाल्या. कंपनीने दारूच्या अतिरिक्त दाबाकडे बोट दाखवले, दुसऱ्यांनी पोलादाकडे. शेवटी घोड्याच्या पिनेचे डोके मोठे केले गेले, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागे येऊन चेहऱ्यावर आदळणार नाही. स्लाइड ‘किती गोळ्यांनी तुटेल’ हे चाचणीने विचारले होते; ‘तुटली तर कुठे जाईल’ हे विचारलेले नव्हते. ते समोरच्या माणसाच्या दातांनी विचारले.

पोलिसांच्या खरेदीची कथा मोठी आहे, इथे थोडक्यात. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधी थांबली होती आणि त्यानंतरही तो लढत राहिला. झाले: नवी अट आली की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान बारा इंच शिरली पाहिजे. त्या अटीपायी आधी १० मिलिमीटर, मग .४० व्यासाची काडतुसे आली. धक्का अनेकांना झेपेना. २०१५ च्या सुमारास सुधारलेली ९ मिलिमीटरची गोळी तीच परीक्षा पास होते म्हणून एफबीआय परत तिथेच आली. या तीस वर्षांत कंपन्यांनी सगळी पोलीसदले दोनदा नव्याने सजवली. यात सर्वांत चतुर ग्लॉक: जुने पिस्तूल द्या, नवे जवळजवळ फुकट घ्या. आपल्याकडचा भांडीवालीचा व्यवहार.

आणि २०१७. बेरेटा बदलायचे ठरले तेव्हा शेवटच्या दोघांत सिग आणि ग्लॉक. जानेवारीत सिगला करार मिळाला. ग्लॉकने तक्रार केली की दोघांनाही पुढच्या फेरीत नेऊन आणखी चाचणी घ्यायला हवी होती. जूनमध्ये लेखापरीक्षकांनी ती फेटाळली, कारण सिगची बोली १६.९५ कोटी डॉलर आणि ग्लॉकची २७.२२ कोटी. एवढ्या फरकापुढे उरलेली चाचणी कोण घेतो! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे दिसून आले की सिगच्या त्या जातीचे बाजारातले पिस्तूल एका विशिष्ट कोनात, मागच्या अंगावर पडले तर गोळी सुटू शकते. कंपनीने ग्राहकांना मोफत सुधारणा देऊ केली. प्रचलित पडण्याच्या चाचण्या ते पास झाले होते, कारण त्या चाचण्यांत कोन ठरलेले असतात आणि हा कोन त्यांत नव्हता.

याच खरेदीतली एक अट मात्र मला मनापासून आवडली. मुठीचे लहान, मध्यम, मोठे असे आकार बदलता आले पाहिजेत. बेरेटाची जाड मूठ लहान हातांच्या सैनिकांना, विशेषतः स्त्रियांना, त्रासाची होती. हात हा निविदेतला रकाना व्हायला १९०७ पासून एकशे दहा वर्षे लागली. त्याआधी घोड्याचा विचार झाला होता.

आपल्याकडे सामान्य नागरिकापुढे असा प्रश्न फारसा येतच नाही. १९५९ चा शस्त्र कायदा ९ मिलिमीटरला निषिद्ध मानतो. परवाना मिळालाच तर बहुतेक.३२ चा, आणि बरीच वर्षे तोही मुख्यतः सरकारी कारखान्यांच्या ‘अशनी’सारख्या पिस्तुलांपुरता असे. आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने आजोबांच्या काळातले एखादे वेब्ली किंवा वाल्थर लाखांच्या भावाने हस्तांतरित होते. तिथे ब्रँड म्हणजे पैठणीसारखा वारसा. मला हे निर्बंध योग्यच वाटतात. घरात पिस्तूल नसणे ही सर्वांत चांगली निवड आहे असे माझे मत आहे, आणि इतके कागद वाचून ते बदललेले नाही.

पण आपल्या जवानांच्या आणि पोलिसांच्या कमरेला दिसणाऱ्या पिस्तुलाचे काय? ते बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’. त्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. ते कॅनडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लिस कंपनीने बनवलेल्या पिस्तुलावरून घेतलेले. इंग्लिसचे पिस्तूल एफएनच्या ‘हाय पॉवर’वरून. ‘हाय पॉवर’चा आराखडा ब्राउनिंगने सुरू केला आणि १९२६ मध्ये एर्स्तालच्या कारखान्यातच त्याला मृत्यू आला, तो पुरा केला द्योदोने सेव्ह याने, १९३५ मध्ये. आणि हा सगळा खटाटोप सुरू झाला फ्रेंच सैन्याच्या एका मागणीमुळे. त्यांना मॅगझीनमध्ये किमान दहा गोळ्या मावणारे पिस्तूल हवे होते. सेव्हने काडतुसे एकाआड एक, दोन रांगांत रचली आणि तेरा बसवली. फ्रेंचांनी अखेर ते घेतले नाही, आपल्याच देशात तयार झालेले दुसरे एक घेतले, ज्यात आठ मावत. ईशापूरहून निघालेल्या पिस्तुलाच्या मुठीत आजही तेरा मावतात.